समच्छेद कुठे लागतो, कुठे नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी सहावीत आहे. २/३ × ४/५ हे उदाहरण तिने आधी समच्छेद करून, म्हणजे दोन्ही छेद सारखे करून, सोडवलं. १०/१५ × १२/१५ असं मांडलं, अंशांचा गुणाकार केला, छेद तसाच ठेवला आणि उत्तर आलं १२०/१५, म्हणजे ८. बेरजेत हेच करायला शिकवलं, मग इथे का नाही, असं ती विचारते. 'गुणाकारात समच्छेद करत नाहीत' यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. समच्छेद नेमका कधी लागतो?"

आधी तुमच्या मुलीच्या बाजूने एक गोष्ट सांगते. तिने समच्छेद केला यात चूक काहीच नाही. १०/१५ म्हणजे २/३ च आणि १२/१५ म्हणजे ४/५ च, दोघांची किंमत तीच राहिली आहे. चूक आहे ती त्याच्या पुढच्या पायरीवर, छेद तसाच खाली उतरवला तिथे. छेदांचाही गुणाकार केला असता तर १२०/२२५ आलं असतं, आणि १५ ने भाग दिल्यावर ८/१५. बरोबर उत्तर तेच आहे. म्हणजे गुणाकारात समच्छेद करायला बंदी नाही, फक्त त्याचा उपयोग शून्य. आकडे मोठे होतात आणि मग तेच पुन्हा लहान करत बसावं लागतं.

पण "छेद बेरजेत तसाच राहतो आणि गुणाकारात राहत नाही, असं का?" हा तिचा खरा प्रश्न आहे, आणि 'नियमच तसा आहे' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. गेली बावीस वर्षं मी याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आहे. अपूर्णांकांत अडखळणारी बहुतेक मुलं इथेच अडखळतात, कारण चार क्रियांचे चार नियम त्यांना सुटे सुटे पाठ करायला लावलेले असतात. दोन महिन्यांनी ते एकमेकांत मिसळतात. मिसळणारच.

सुरुवात 'छेद' या शब्दापासून करू. छेद म्हणजे कापणं. २/३ मधला ३ सांगतो की पूर्ण वस्तू तीन सारख्या भागांत कापली, म्हणजे एकेक भाग केवढा आहे. वरचा २ सांगतो की असे भाग किती घेतले. अंश ही मोजलेली संख्या आणि छेद हे मोजलेल्या वस्तूचं नाव. तीन मीटर आणि दोन मीटर मिळून पाच मीटर होतात, 'मीटर'ची बेरीज कुणी करत नाही. तसंच तीन सप्तमांश आणि दोन सप्तमांश मिळून पाच सप्तमांश. छेदांची बेरीज का करायची नाही, याचं कारण एवढंच.

आपण बोलताना हे न शिकताही करतो. सव्वा आणि पाऊण मिळून किती, असं विचारलं तर घरातलं कुणीही 'दोन' म्हणेल, वहीत समच्छेद न मांडता. सव्वा म्हणजे पाच पाव, पाऊण म्हणजे तीन पाव, एकूण आठ पाव. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द पावातच मोजता येतात, म्हणून ती बेरीज तोंडी होते. पाऊण या शब्दाच्या पोटात तर वजाबाकीच आहे: पाद ऊन, म्हणजे एकातून पाव कमी. मुलांना मी पहिल्यांदा हे शब्दच देते, आकडे नंतर.

अडचण येते ती अर्ध्यात तिसरा भाग मिळवायचा असतो तेव्हा. वर्गात मी कागदाच्या १२ सेंटिमीटरच्या पट्ट्या देते, सेंटिमीटरच्या खुणा नसलेल्या. एका मुलाने एका पट्टीचा अर्धा भाग कापला, दुसऱ्या तेवढ्याच पट्टीचा तिसरा भाग कापला आणि दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले. मी विचारलं, किती झाले? "दोन." दोन काय? यावर तो गप्प झाला. दोन 'अर्धे' म्हणावं तर दुसरा तुकडा अर्धा नाही, दोन 'तिसरे भाग' म्हणावं तर पहिला तुकडा तिसरा भाग नाही. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्याने छोटा तुकडा मोठ्यावर ठेवला. मोठ्याची थोडी पट्टी बाहेर राहिली. ती बाहेर राहिलेली पट्टी त्याने दुमडून कापली आणि छोट्या तुकड्यावर सरकवून पाहिली. बरोबर दोनदा बसली. मग मोठ्यावर: तीनदा. "पाच!" पाच काय? त्याने तोच कपटा आणखी एका अखंड पट्टीवर सरकवत नेला. सहा वेळा बसला. पाच छेद सहा.

त्या मुलाने लसावि (दोन्ही छेदांनी पूर्ण भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) हा शब्द तेव्हा ऐकलेला नव्हता. दोन लांब्यांतून उरणाऱ्या तुकड्याने पुन्हा मोजत जाणं ही सामाईक माप शोधण्याची प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडइतकी जुनी रीत आहे, आणि ती त्याला आपली आपण सापडली. समच्छेद म्हणजे दोन्ही तुकडे ज्यात पूर्ण मोजता येतील असं माप शोधणं, एवढंच काम. १/२ म्हणजे ३/६, १/३ म्हणजे २/६. तुकडे तेच आहेत, फक्त मोजायचं माप बदललं.

आता हे माप सगळ्यात मोठंच हवं, म्हणजे छेद लसाविच हवा, असं मुळीच नाही. कोणताही सामाईक विभाज्य चालतो. ५/१२ + ७/१८ साठी छेदांचा सरळ गुणाकार करून २१६ घेतला तरी ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ येतं, ते ६ ने संक्षिप्त केलं की २९/३६. लसावि ३६ घेतला तर १५/३६ + १४/३६, लगेच २९/३६. उत्तर एकच. लसावि काढता आला नाही म्हणून ज्या मुलांची पूर्ण बेरीजच अडून राहते, त्यांना मी सांगते, गुणाकार घे आणि पुढे चल. लसाविने श्रम वाचतात, पण त्याच्यावाचून बेरीज अडत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त या दोन्ही रीती शेजारी शेजारी आहेत. आधी सांगितलं आहे की एकाच्या छेदाने दुसऱ्याच्या अंशाला आणि छेदाला गुणावं, हेच समच्छेदाचं विधान. लगेच पुढे म्हटलं आहे की जो सुधी आहे त्याने छेदांना आधी सामाईक भाग देऊन मग गुणावं. १२ आणि १८ यांना ६ ने भाग दिला की २ आणि ३ उरतात. ५/१२ चे अंश-छेद दोन्ही ३ ने गुणा, ७/१८ चे दोन्ही २ ने गुणा, छेद झाला ३६. लसाविची वेगळी शिडी मांडायची गरजच नाही. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी आजही फळ्यावर तसाच वापरते.

इथे एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला शिकवायला लागल्यावर बऱ्याच उशिरा उमगली. लसावि घेऊनही उत्तर अतिसंक्षिप्त, म्हणजे अंश-छेदांना आणखी भाग जाणार नाही असं, येईलच असं नाही. १/६ + ३/१० = ५/३० + ९/३० = १४/३०, आणि हे २ ने अजून लहान होतं: ७/१५. मुलं मग २, ३, ५, ७ असं सगळ्यांनी भाग देऊन बघत बसतात. त्याची गरज नाही. दोन अपूर्णांक मुळात अतिसंक्षिप्त असतील आणि लसावि घेतला असेल, तर उत्तराला भाग जाण्याची शक्यता फक्त त्या दोन छेदांच्या मसाविच्या (दोघांना भाग देणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येच्या) विभाजकांचीच असते. ६ आणि १० चा मसावि २, म्हणून फक्त २ तपासा. छेद ३ आणि ५ असतील तर मसावि १, उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त, तपासायलाच नको. परीक्षेत यात चांगला वेळ वाचतो.

वजाबाकीला हे सगळं जसंच्या तसं लागू आहे, त्यावर वेगळं सांगत नाही.

आता गुणाकार. २/३ × ४/५ म्हणजे '४/५ चे २/३'. इथे दोन ढीग एकत्र करायचे नाहीत. एक भाग घेतलेला आहे आणि त्याचाच पुन्हा भाग करायचा आहे. कागदावर एक चौरस काढा. उभ्या रेघांनी पाच सारखे पट्टे करा आणि चार रंगवा. मग आडव्या रेघांनी तीन सारखे थर करा आणि वरच्या दोन थरांत रंगवलेला जो भाग येतो त्यावर काट मारा. चौरसाची एकूण घरं पंधरा झाली, काट मारलेली आठ. ८/१५. पंचमांशांना तिघांत कापलं की पंधरावे भाग तयार झालेच. सामाईक माप आधी शोधून आणण्याची वेळच येत नाही, ती कापणी गुणाकारच करून देतो.

आणि म्हणूनच छेद तसाच राहू शकत नाही. सेंटिमीटर गुणिले सेंटिमीटर म्हणजे चौरस सेंटिमीटर, माप बदलतं. तसंच पंधराव्या भागाचा पंधरावा भाग म्हणजे पंधरावा भाग नव्हे, तो दोनशे पंचविसावा भाग. तुमच्या मुलीचे १२० बरोबरच होते, पण ते १२० दोनशे पंचविसावे भाग होते, आणि तिने त्यांना पंधरावे भाग म्हटलं. वस्तू पंधरापट मोठी झाली, म्हणून ८/१५ च्या जागी ८ आले. तिला हे याच शब्दांत सांगा. आपली मोजणी बरोबर होती आणि नाव चुकलं, हे कळलं की मुलं खचत नाहीत.

गुणाकारात खरं काम असतं ते गुणण्याआधी काटछाट करण्याचं. ९/१४ × ७/१२ मध्ये ९ आणि १२ ला ३ ने, ७ आणि १४ ला ७ ने भाग द्या: ३/२ × १/४ = ३/८. इथे समच्छेद करणारा ८४ छेद घेऊन ५४/८४ × ४९/८४ असं मांडेल आणि दमून जाईल. एक सावधगिरी मात्र हवी. ही तिरपी काटछाट मुलं बेरजेतही करायला लागतात. ९/१४ + ७/१२ मध्ये ती अजिबात चालत नाही. अधिक चिन्हाच्या पलीकडे काट मारायची नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.

भागाकाराबद्दल जरा जास्त बोलायचं आहे, कारण पाठ्यक्रमात त्याचा निकाल एका ओळीत लावतात: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. रीत बरोबर आहे आणि तिच्यात समच्छेद लागत नाही. पण समच्छेद करून भागाकार केला, तर तो उलटा करण्याचा नियम कुठून आला हे दिसतं. ३/४ ÷ २/३ घ्या. समच्छेद: ९/१२ ÷ ८/१२. आता दोन्हीकडे बारावे भागच आहेत. नऊ बाराव्या भागांत आठ बारावे भाग किती वेळा बसतात? नऊ मीटरांत आठ मीटर जितक्या वेळा बसतील तितक्याच: ९/८. छेद दोन्हीकडे सारखा, म्हणून त्याचं काम संपलं आणि तो उत्तरात आलाच नाही. ९ कुठून आला? ३ × ३. ८ कुठून आला? ४ × २. म्हणजे ३/४ × ३/२. उलटा करून गुणलं ते हेच. वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर उलगडतं तेव्हा दोन-तीन मुलांच्या तोंडून 'अच्छा' निघतंच, आणि त्या दिवशी मला घरी जाताना बरं वाटतं.

बाकी उरते तिथे तर समच्छेदाची रीतच जास्त विश्वासाची. साडेतीन मीटरची पट्टी आहे, तिच्यातून २/३ मीटरचे तुकडे कापायचे आहेत. किती पूर्ण तुकडे आणि किती पट्टी उरेल? उलटा करून गुणा: ७/२ × ३/२ = २१/४ = ५ १/४. निम्मा वर्ग लिहितो, पाच तुकडे आणि पाव मीटर उरली. मोजून पाहा: पाच तुकड्यांना ३ १/३ मीटर लागले, साडेतीनातून उरला १/६ मीटर. मग तो पाव कुठला? तो एका तुकड्याचा पाव आहे, मीटरचा नव्हे. आता हेच समच्छेदाने करा: २१/६ ÷ ४/६. एकवीस सहाव्या भागांतून चार-चार काढत गेलो, पाच वेळा निघाले, एक उरला. एक काय? एक सहावा भाग, १/६ मीटर. इथे चुकायला जागाच राहत नाही, कारण बाकीचं नाव तिच्याबरोबरच येतं. म्हणून भागाकारात समच्छेद लागतो का, याचं माझं उत्तर असं: लागत नाही, पण उत्तराचा अर्थ लावायचा असेल तर खुशाल करावा.

छेद-अंश सरळ भागले जात असतील तर तोही एक मार्ग आहे. ८/१५ ÷ २/३ मध्ये ८ ÷ २ = ४ आणि १५ ÷ ३ = ५, उत्तर ४/५. हे चुकीचं वाटतं आणि मुलांच्या वहीत कधीकधी लाल काट खातं, पण पूर्णपणे बरोबर आहे. गुणाकार जसा वर-वर, खाली-खाली होतो तसा भागाकारही होतो. दर वेळी भाग पूर्ण जात नाही एवढंच.

लहान-मोठेपणा ठरवताना समच्छेद शिकवतात, आणि पक्की खात्री हवी असेल तर तो करावाच. ५/७ मोठा की ७/१०? ५०/७० आणि ४९/७०, फरक अगदी केसाएवढा, अंदाजाने सांगता आला नसता. 'तिरपा गुणाकार' म्हणून जी युक्ती सांगतात, ५ × १० आणि ७ × ७, ती म्हणजे हाच समच्छेद, फक्त ७० लिहिलेले नाहीत. पण दर वेळी तिथवर जायला नको. ३/७ आणि ५/९ मध्ये पहिला अर्ध्याहून कमी, दुसरा अर्ध्याहून जास्त, संपलं. ४/११ आणि ४/१३ मध्ये अंश सारखे, म्हणून ज्याचे भाग मोठे तो मोठा, ४/११. ७/८ आणि ८/९ दोन्ही एकाला एक भाग कमी आहेत, आठवा भाग नवव्यापेक्षा मोठा, म्हणून ७/८ ची उणीव जास्त, ८/९ मोठा. ज्या मुलाला असा विचार जमतो, त्याला अपूर्णांक कळले असं मी धरते, मग लसावि काढायला त्याला वेळ लागला तरी मला चिंता नसते.

एक सापळा मात्र आहे, आणि हुशार मुलंच तो पुढे करतात. "बाई, पहिल्या दिवशी ५ पैकी ३ नेम लागले, दुसऱ्या दिवशी ७ पैकी ४. मिळून १२ पैकी ७. म्हणजे ३/५ आणि ४/७ मिळून ७/१२ झालेच ना? वर-वर, खाली-खाली!" त्याचं १२ पैकी ७ खरं आहे. पण ती ३/५ आणि ४/७ यांची बेरीज नाही. खरी बेरीज २१/३५ + २०/३५ = ४१/३५, एकाहून मोठी, आणि ७/१२ तर ३/५ पेक्षाही लहान आहे. काहीतरी मिळवलं आणि कमी झालं? मी त्याला म्हणते, पहिल्या दिवशी ५ पैकी ३ ऐवजी १० पैकी ६ लागले असते तर? अपूर्णांक तोच, ३/५. पण आता मिळून १७ पैकी १०, आणि १०/१७ हे ७/१२ हून वेगळं आहे. अपूर्णांक तेच ठेवूनही उत्तर बदलतं, म्हणजे ही क्रिया अपूर्णांकांवरची नव्हेच, ती नेमांच्या मोजणीवरची आहे. तिथे दोन वेगवेगळे 'पूर्ण' एकत्र केले, बेरजेत मात्र दोन्ही भाग एकाच पूर्णाचे धरलेले असतात. हे नीट बोलून घेतलं नाही, तर पुढे सरासरी आणि शेकडेवारीत तीच चूक परत येते.

पुढच्या इयत्तांसाठी एवढं लक्षात ठेवा. क्ष/३ + क्ष/४ = ७ या समीकरणात दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं की ४क्ष + ३क्ष = ८४, क्ष = १२, छेद गेले. पण नुसती राशी असेल, क्ष/३ + क्ष/४ एवढीच, तर उत्तर ७क्ष/१२, तिथे १२ टाकून देता येत नाहीत. समीकरणात तराजूची दोन पारडी असतात, दोन्हींना सारखं गुणता येतं. राशीला दुसरं पारडंच नाही. नववीपर्यंत मुलं हे १२ हरवतात आणि दर वर्षी मी ते शोधून देते.

आता आज संध्याकाळी काय कराल ते सांगते. २/३ × ४/५ बाजूला ठेवा. मुलीला तिच्याच रीतीने १/२ × १/२ करायला सांगा. छेद आधीच सारखे आहेत, म्हणून तिच्या रीतीने अंश १ × १ = १, छेद तसाच २, उत्तर १/२. मग विचारा, अर्ध्याचं अर्धं किती? ती पाव म्हणेल, विचार न करता. तिथे थांबा, पुढचं तुम्ही सांगू नका. तिला तिच्या वहीतल्या अर्ध्याकडे आणि तोंडातल्या पावाकडे हवा तितका वेळ पाहू द्या. मग एक कागद द्या आणि दोनदा दुमडायला सांगा. त्यानंतर पंधरा घरांचा चौरस ती स्वतःच काढेल.